विहिरीवरचा तवंग

होळी झाली की लोकांना माझी आठवण येते. एरवी वर्षभर मी कर्जतमधली एक निवृत्त बाई असते, सकाळी नदीकडे फिरायला जाणारी आणि भाजीवालीशी उगाच वाद घालणारी. पण फाल्गुन सरत आला की फोन सुरू होतात. कुणाच्या बोअरचं पाणी गढूळ यायला लागलेलं असतं, कुणाच्या विहिरीला वास येत असतो. परवा एका फार्महाउसवाल्याने विचारलं, मॅडम, आमच्या पोहण्याच्या तलावात हिरवं-हिरवं काय दिसतंय? मी म्हटलं, निसर्ग बघायला म्हणूनच इकडे जागा घेतलीत ना, मग बघा आता. त्याने फोन ठेवला. मला जरा बरं वाटलं.

हा ऋतू मला आवडतो हे सांगायला मी आता लाजत नाही. इतरांना तो रखरखीत वाटतो. आमच्याकडे उन्हाळ्याची वर्दी धुरानेच मिळते. भाताच्या रोपांसाठी शेताचा तुकडा भाजून ठेवायचा, पाला, काटक्या, शेण पसरून तो सावकाश जळू द्यायचा, याला आम्ही राब म्हणतो. त्या राबाचा निळसर धूर सकाळी सगळ्या खलाटीवर, सखल भातखाचरांवर, अंथरलेला असतो. दोरीवरच्या कपड्यांना त्याचा वास, भाताला त्याचा वास, आणि चुलतबहिणीच्या अंगणात गेलं तर तिच्या केसांनाही तोच. डोंगराच्या अंगाला कुडा पांढरा फुललेला असतो. स्टेशनबाहेर ठाकर बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसतात आणि मी दर वर्षी तीच चूक करते, कच्ची निघालेली करवंदं विकत घेते आणि घरी येऊन त्यांचं लोणचं घालते.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमचा मुलूख चमत्कारिक आहे. कर्जतला उल्हास नदीचे दगड उघडे पडतात, पोरं त्यांच्यावर क्रिकेट खेळतात. तिकडे खालापूरच्या बाजूला पाताळगंगा ऐन वैशाखातही वाहत असते, कारण वरच्या वीजघराचं सोडलेलं पाणी तिला येऊन मिळतं. आणि त्या वाहत्या नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत ज्या वाड्या आहेत, तिथल्या बायका कळश्या घेऊन ओळीने उभ्या असतात. नदी त्यांना घरातून दिसते. दिसणारं पाणी चढून घरी येत नाही, एवढीच अडचण असते.

पण मी मुळात पाण्यातली नव्हे, तेलातली बाई. माझे वडील खालापूरजवळच्या आमच्या गावी भात लावायचे आणि रसायनीच्या एका कारखान्यात पाळी करायचे. शर्टाच्या वासावरून आज कुठल्या विभागात काम होतं ते मी ओळखायची, आणि ते हसून म्हणायचे, हिचं नाक वाया जाता कामा नये. ते वाया गेलं नाही. मी रसायनशास्त्र शिकले, डॉक्टरेट केली आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत कच्च्या तेलावर काम करायला लागले. कच्चं तेल जमिनीतून एकटं कधी येत नाही. ते खारं पाणी सोबत घेऊन येतं, आणि ते पाणी इतक्या बारीक थेंबांनी तेलात भिनलेलं असतं की महिनोन् महिने ठेवलं तरी वेगळं होत नाही. तसंच ते शुद्धीकरण कारखान्यात गेलं तर मीठ नळ्या खाऊन टाकतं. म्हणून आधी ते पाणी सोडवून घ्यायचं. शाळेत शिकवतात की तेल आणि पाणी मिसळत नाही. मिसळलं की किती घट्ट मिसळतं ते मला विचारा.

पंधरा वर्षं मी तेलातून पाणी काढलं. पुढे कारखान्यांच्या सांडपाण्याचं काम आलं तेव्हा पाण्यातून तेल काढायला लागले, आणि तिथून जलस्रोत विभागात कधी पोचले ते माझं मलाच कळलं नाही. माझ्या मामीला ही घसरण वाटली. "एवढं शिकून पाणीच का गं?" असं ती दर लग्नात विचारायची. मी तिला सांगायची की मामी, वस्तू तीच आहे, फक्त बाजू बदलली. मला माझं काम येत होतं आणि येत होतं हे मला माहीतही होतं. बाटलीचं बूच काढून नुसत्या वासावर मी रॉकेल, डिझेल आणि वंगणाचं तेल वेगळं सांगायची. नव्या मुलामुलींसमोर हा खेळ करून दाखवायला मला फार आवडायचं. आत्मविश्वासाने माझं कधी वाईट झालं नाही. एका उन्हाळ्यात मात्र दुसऱ्यांचं झालं, आणि राबाचा धूर नाकात गेला की मला तोच उन्हाळा आठवतो.

मी तेव्हा नुकती पन्नाशी ओलांडली होती. खालापूरच्या तालुका कचेरीतून संस्थेत पत्र आलं. बेहड्याच्या वाडीवरच्या विहिरीत तेलासारखा तवंग दिसतो आहे, कुणीतरी येऊन बघावं. तेल आणि पाणी दोन्ही कळणारं माणूस संस्थेत एकच होतं, शिवाय ते त्याच तालुक्यातलं. मी माहेरी निघाल्यासारखी निघाले. जीप खालच्या रस्त्यावर सोडली आणि अर्धा तास चढून वाडीवर पोचले. तिसेक घरांची ठाकरवाडी, कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, मध्ये एक भलंमोठं बेहड्याचं झाड आणि त्याच्या खालच्या अंगाला विहीर.

विहिरीच्या काठावर पन्नासेक माणसं जमली होती. सरपंचही खालच्या गावातून वर आले होते. मी वाकून बघितलं. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि त्यावर निळा, जांभळा, सोनेरी असा तवंग पसरला होता. हे रंग मी आयुष्यभर बघत आले होते. बादलीने पाणी वर घेतलं, वास घेतला. कुबट, थोडा रॉकेलकडे झुकणारा. मग मान वर केली तर वाडीच्या वरच्या अंगाला, कड्यावरून जाणाऱ्या घाटरस्त्याच्या कडेला, पत्र्याची एक शेड दिसली. तिथे काय चालतं म्हणून विचारलं. सरपंच म्हणाले, "गणपतची शेड हाय. टँकर धुतात तितं." माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. ते इतक्या पटकन झाले की मी पुन्हा मोजून बघितलं नाही.

गर्दीत पुढेच एक म्हातारी उभी होती. बारीक चणीची, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर गोंदण. तिचं नाव बुधीबाई. वाडीतली सगळ्यांत वयस्क बाई तीच, आणि त्या विहिरीवर पाणी भरायला ती लग्न होऊन आल्या दिवसापासून येत होती. ती म्हणाली, "बाई, तेल नाय गं ते. साय हाय. गंजाची साय." तिने शेजारच्या झुडपाची एक काटकी मोडली आणि मी वर घेतलेल्या बादलीत घातली. "हे बग, कशी फुटते ती. तेल आसतं तर फुटलं आसतं का?"

तिने ते मला दाखवलं. पहिल्याच दिवशी, पन्नास माणसांसमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि मी तेव्हा मान खाली घालून नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते. तिचं बोलणं मी ऐकलं, कारण ऐकून घेणं हे आमच्या कामात बसतं. मी वहीत लिहिलंसुद्धा. पुढे कंस करून लिहिलं, स्थानिक समजूत.

निघताना मी सरपंचांना सांगितलं की तपासणीचा निकाल येईपर्यंत हे पाणी कुणी प्यायचं नाही. सावधगिरी म्हणून हे योग्यच होतं, आजही मी तेच सांगेन. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. "तेलच आहे," मी म्हणाले, "आणि कुठून येतंय तेही दिसतंय." सगळ्यांनी माना वर करून शेडकडे पाहिलं. दोन दिवसांत विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने 'पाणी पिण्यास अयोग्य' असं आलं, वर करवंदीच्या काट्यांच्या फांद्या पडल्या, आणि गणपतची शेड बंद झाली. खालच्या गावातली माणसं म्हणू लागली की ती विहीर आता बुजवूनच टाकलेली बरी, कुणी पोरगं चुकून प्यायलं तर काय घ्या. तसा ठराव एक मेच्या ग्रामसभेत यायचा होता.

वाडीला दुसरी विहीर नव्हती. नळयोजनेचे निळे पाइप आदल्या वर्षी येऊन पडले होते, गवतात तसेच होते. बायका उतरून नदीवर जाऊ लागल्या. जाताना पाऊण तास, येताना डोक्यावर दोन कळश्या घेऊन त्याहून जास्त, तेही दिवसातून दोनदा. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं होतं आणि मी मुंबईत पंख्याखाली बसून निकालाची वाट बघत होते.

पहिला निकाल आला. तेलाचा अंश नाही. मी म्हटलं, नमुना उन्हात राहिला असणार, हलकं तेल उडून गेलं असेल. दुसऱ्यांदा माणूस पाठवून नमुने मागवले, बर्फात ठेवून आणायला सांगितले, आणि या खेपेला पाण्याची बाकीचीही सगळी तपासणी लावली. दुसरा निकाल आला. तेल नाही. लोह भरपूर, पिण्याला अपाय होईल असं बाकी काही नाही. मी तो कागद तीन वेळा वाचला आणि प्रयोगशाळेलाच फोन करून विचारलं की तुमचं यंत्र नीट चालतंय ना. तिथल्या मुलीने फार सभ्यपणे सांगितलं की मॅडम, हे यंत्र तुम्हीच बसवून घेतलं होतं.

माणसाला आपली चूक कळायला वेळ लागतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं नाही. मला त्या फोननंतर लगेच कळलं. कळलेलं पटवून घ्यायला मात्र मी आणखी चार दिवस घालवले, आणि त्या चार दिवसांत बुधीबाईची नातसून सविता नदीवरून चढताना घसरून पडली. सविता पोटुशी होती, सहावा महिना. सरपंचांनी फोनवर सांगितलं, "तशी बरी हाय. खोपोलीला दवाखान्यात नेलती. पोराला काय नाय झालं." मग ते म्हणाले, "निकाल काय आला का वो मॅडम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीवर होते. एकटी. काटे बाजूला केले, दोराने बादली सोडली, पाणी वर घेतलं, कुड्याची एक काटकी मोडली आणि तवंगात घातली. तो फुटला. तव्यावर जास्त भाजलेल्या पापडासारखे त्याचे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि तुकडे तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. तेलाचा तवंग असा वागत नाही. त्याच्यातून काडी फिरवली तर तो वाट देतो आणि मागे पुन्हा मिटतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलेलंही होतं. लोहावर जगणारे सूक्ष्म जीव असतात, साचलेल्या पाण्यावर ते अशी साय धरतात, तिला तसाच कुबट वास येतो आणि दगडांवर नारिंगी बुळबुळीत थर बसतो. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आतले सगळे दगड नारिंगी होते. ते पहिल्या दिवशीही नारिंगीच होते.

मला त्या वेळी काय वाटलं ते स्पष्टच सांगते. लाज वाटली. चुकले याची नाही, चुका तर मी बावीस वर्षं करत होते आणि त्यांतल्या काही शोधनिबंध म्हणून छापूनही आल्या होत्या. लाज याची वाटली की उत्तर माझ्या शेजारी उभं राहून बोललं होतं आणि मी त्याला कंसात घातलं होतं.

बुधीबाई मागे येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आजी, तू बरोबर होतीस." ती म्हणाली, "मंग? मी काय तुला खोटं सांगत व्हते?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि जिंकल्याचा आनंदही नव्हता. मी विचारलं, ही साय या वर्षीच का धरली? तिने गवतातल्या निळ्या पाइपांकडे हात केला. "नळ येनार, नळ येनार, म्हनून गेल्या साली विहीर उपसली नाय कुनी. दर सालाला उपसावी लागते ती. न्हाऊ घातलं नाय तर अंगाला मळ धरनारच." माझ्या पुढच्या अहवालात हीच गोष्ट दोन पानांत आहे.

मुंबईला परतल्यावर मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. भले गृहस्थ होते, माझ्यावर त्यांचा जीव होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात एवढं काय? लिहा की आता तेलाचं प्रमाण मर्यादेत आहे. खोटंही होणार नाही. शून्यही मर्यादेतच असतं." वाक्य सुरेख होतं. मी ते दिवसभर तोंडात घोळवलं. त्याने विहीर कागदावर उघडली असती, माझं नाव शाबूत राहिलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण 'आता मर्यादेत' याचा अर्थ आधी होतं असाच होतो, आणि तेल होतं म्हटलं की ते पुन्हा येऊ शकतं. ती विहीर कायमची तेलाची विहीर राहिली असती. गणपत कायमचा तेल सोडणारा. मी सरांना म्हटलं, "नाही, सर. मला 'कधीच नव्हतं' असं लिहायचंय." ते म्हणाले, "मग पहिल्या पानावर काय लिहाल?" मी म्हटलं, "माझं नाव."

एक मेला मी ग्रामसभेत उभी राहिले. शाळेच्या पडवीत सभा होती, झेंडावंदन झालं होतं, माणसं उन्हातून आत सरकून बसली होती. मी सरळ सांगितलं. विहिरीत तेल नव्हतं, कधीच नव्हतं. माझी चूक झाली. बुधीबाईंनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही. वहीचं ते पान मी वाचूनही दाखवलं, कंसासकट. मला वाटलं होतं लोक चिडतील, निदान हसतील. त्याची मी तयारी करून आले होते. झालं भलतंच. लोकांचा विश्वासच बसेना.

मागच्या ओळीतून एक जण म्हणाला, "दाबलं आसंल कुनीतरी बाईंना." दुसरा म्हणाला, "आदी नाय म्हननारे लय बगितले, ह्या आदी हाय म्हनून मंग नाय म्हनतात." मी तेल आहे म्हणाले तेव्हा पुरावा कुणी मागितला नव्हता. नाही म्हणाले तेव्हा प्रयोगशाळेचे दोन कागद हातात असूनही ते पुरेनात. विहीर बुजवण्याचा ठराव तेवढा बारगळला आणि सरपंचांनी बंदी उठवली. कठड्यावरच्या लाल अक्षरांवर चुना फासला. चुन्यातूनही लाल दिसतच राहिलं. पुढचे चार दिवस त्या विहिरीवर एक कळशी आली नाही, बायका नदीवरच जात राहिल्या.

गणपतच्या शेडवरही मी गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, माझं सगळं बोलणं ऐकलं. मग म्हणाला, "तुमी सोता येऊन बोललात, बरं झालं. पन माझ्या पोरीला शाळेत तेलवाली म्हनतात, ते आता कोन थांबवनार?" मी त्याच्या मुलीच्या शाळेत जाऊन मुलांना काडीचा प्रयोग करून दाखवला. मुलं रमली. चिडवणं थांबलं की नाही ते मला ठाऊक नाही.

आता मागे वळून बघताना मला वाटतं, आमच्या धंद्यात शब्द फार सहज वापरले जातात. दूषित, अयोग्य, धोकादायक. शुद्धीकरण कारखान्यात मी एखाद्या नमुन्याला नापास म्हटलं की तो टाकीभर माल बाजूला काढला जायचा, पुन्हा प्रक्रियेला जायचा, कुणाच्या चुलीपर्यंत माझा शब्द पोचायचा नाही. पाण्याचं तसं नसतं. त्या उन्हाळ्यानंतर मी कितीतरी विहिरी पाहिल्या, कितीतरी झऱ्यांना वाईट म्हटलं आणि ते बरोबरही होतं. रसायनीच्या बाजूला एकदा खरंखुरं तेलही सापडलं आणि तेव्हा मी गप्प बसले नाही. मी भित्री झाले नाही, तसं कुणी समजू नये. फक्त पहिल्या दिवशी मी आता वही उघडत नाही. काठावर बसते आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बोलू देते. माझ्या हाताखालच्या मुलांना यात मॅडमचा साधेपणा दिसायचा. मी त्यांना सांगायची, साधेपणा कसला, हा कामाचा वेळ वाचवायचा उपाय आहे.

ग्रामसभेनंतर पाचव्या दिवशी मी पुन्हा वाडीवर गेले तेव्हा बुधीबाई अंगणात करवंदं निवडत बसली होती. मी म्हटलं, "आजी, बंदी उठली. मग कुणी पाणी का भरत नाही?" ती हात न थांबवता म्हणाली, "कागदानं विहीर बंद व्हते. उगडत नाय. उपसायला लागंल. तू पन ये." मी लगेच उत्साहाने म्हटलं की तालुक्यातून डिझेलचा पंप मागवते, दोन तासांत कोरडी होईल. आता मात्र तिने हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. "येवडं रामायन झालं, आनि आता तूच हितं डिझेल आनतेस?" आख्खं अंगण हसलं. त्या महिन्यात वाडी माझ्यासमोर पहिल्यांदा हसली.

विहीर अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी उपसली. उजाडताच बादल्या सुरू झाल्या. दोर ओढणारे वेगळे, ओतणारे वेगळे, आणि पाणी कमी झाल्यावर चार जण खाली उतरले. पाचवी मी. शिडीवरून उतरताना सगळे बघत होते, आणि पन्नाशीच्या बाईने ज्या डौलाने उतरावं त्या डौलाने मी उतरले नाही. खाली थंडावा होता. गाळात पाय पोटरीपर्यंत रुतले. पाला कुजलेला, नारिंगी, बुळबुळीत, आणि त्याला तोच वास, ज्याला मी रॉकेल म्हटलं होतं. त्यात रॉकेल कुठे होतं ते आता मला शोधून सापडेना. आम्ही घमेली भरत होतो, वरचे ओढत होते, वरून चिखलाचे थेंब डोक्यावर पडत होते. दगड नारळाच्या काथ्याने घासले. दुपारी शेवटचा थर निघाला आणि कातळाच्या एका फटीतून पाणी सुटलं. बोटाएवढी धार. मी तिथे हात धरला. थंड, स्वच्छ पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि मला एकदम रडू आलं. चेहरा आधीच चिखलाने माखला होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

वर आल्यावर बायकांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी मापाने ब्लीचिंग पावडर टाकली. बुधीबाईने नाक मुरडलं. "दवाखान्याचा वास येतोय." मी म्हटलं, "आजी, एवढं माझं ऐक." ती म्हणाली, "ऐकते. तुजी पाळी." मग तिने मला वाडीची रीत सांगितली. उपसलेल्या विहिरीला रात्रभर भरू द्यायचं, कुणी हात लावायचा नाही. सकाळी पहिलं पाणी वाडीत जी पोटुशी असेल तिला द्यायचं. तिच्याबरोबर आणखी एक जीव पितो, म्हणून तिचा मान पहिला. ती प्यायली की मग सगळ्यांनी भरायचं. त्या वर्षी पोटुशी एकच होती.

अक्षय तृतीयेच्या सकाळी आख्खी वाडी विहिरीवर आली. कळश्या होत्या, पण सगळ्यांनी त्या खाली मातीत ठेवल्या होत्या आणि सगळे लांबच उभे होते. पाणी पुरुषभर चढलं होतं, तळाचे दगड दिसत होते. बुधीबाईने पहिली बादली ओढली. मी माझ्या छोट्या काचनळीत त्यातलं पाणी घेतलं, क्लोरीन किती उरलं ते दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले, उन्हासमोर धरलं. हवा तेवढाच पिवळसर रंग आला. एकदा बघितलं, पुन्हा नवीन पाणी घेऊन दुसऱ्यांदा बघितलं. मग मी बाजूला झाले.

बुधीबाईने तांब्या भरून सविताच्या हातात दिला. सविताच्या गुडघ्यावर पडल्याची खपली अजून होती. तिने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिने आजेसासूकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे नाही, सरपंचांकडेही नाही. माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "पिऊ?"

माझ्यापाशी कागद होते, पिशवीत दोन निकाल होते, हातात काचनळी होती. तिने त्यांतलं काही मागितलं नव्हतं. तिचा डावा हात पोटावर होता. आयुष्यात मला हजार वेळा विचारलं गेलं असेल की नमुना पास की नापास, आणि मी उत्तर देऊन पुढच्या बाटलीकडे वळले असेन. या वेळी मी तिच्या डोळ्यांतून नजर काढली नाही.

"पी," मी म्हणाले.

तिने तांब्या वर केला. घशाची हालचाल दिसत होती, एक, दोन, तीन घोट, आणि मग ती थांबलीच नाही, पार तळापर्यंत प्यायली. पदराने तोंड पुसलं, रिकामा तांब्या आजेसासूकडे दिला, आणि मागे उभ्या असलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "उचला गं कळश्या."